स्टोमा कुणाला आणि का: गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत जुळवलेले गट, प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

शल्यचिकित्सा विभागाच्या आजच्या बैठकीत प्रश्न पक्का झाला. गुदाशयाचा कॅन्सर काढल्यावर आतड्याची दोन टोकं खाली ओटीपोटात जोडतात. गाठ जितकी खाली, तितका हा जोड धोक्याचा. तो गळला, म्हणजे लीक झाला, तर पोटात पू, सेप्सिस, पुन्हा ऑपरेशन आणि काही वेळा मृत्यू. म्हणून बरेच सर्जन लहान आतड्याचं एक वेटोळं पोटावर आणून तात्पुरता स्टोमा करतात. मळ तिथूनच पिशवीत जातो आणि खालच्या जोडाला भरून यायला उसंत मिळते. काही महिन्यांनी स्टोमा बंद करायचं दुसरं ऑपरेशन होतं. आम्हाला बघायचंय ते असं: जुन्या केस पेपरमधून स्टोमा केलेले आणि न केलेले रुग्ण नीट जुळवून घेतले, तर स्टोमामुळे लीक कमी झालेलं दिसतं का?

रजिस्ट्रारनी आधीच एक ढोबळ तक्ता करून ठेवला होता. त्यात स्टोमा केलेल्यांमध्ये लीक कमी दिसायच्या ऐवजी थोडं जास्तच दिसतं. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, हा तक्ता बघून उद्या कुणी म्हणेल, स्टोमा करणंच बंद करा."

मी विचारलं, "सर, तुम्ही स्टोमा कुणाला करता?"

त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. गाठ अगदी खाली असेल त्याला. आधी रेडिएशन, म्हणजे शेक, झालेला असेल त्याला. पुरुष असेल आणि ओटीपोट अरुंद असेल त्याला. अल्ब्युमिन (पोषणाचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) उतरलेलं असेल, स्टिरॉइड चालू असेल त्याला. थोडक्यात, ज्याचा जोड गळेल अशी धास्ती जास्त, त्यालाच. म्हणजे रजिस्ट्रारच्या तक्त्यात स्टोमाची तुलना झालेलीच नाही. जास्त धोक्याचे रुग्ण आणि कमी धोक्याचे रुग्ण यांची तुलना झाली आहे.

माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा हाच आहे. निर्णयाच्या क्षणी सर्जनला काय काय दिसत होतं आणि त्यातलं किती कागदावर उतरलं? जे कागदावर आहे तेच दोन्ही गटांत सारखं करता येतं. बाकी सगळी आकडेमोड त्यानंतरची.

११ जुलै

हा प्रश्न निवडण्याचं एक चांगलं कारण म्हणजे त्याचं उत्तर आधीच हाताशी आहे. स्वीडनमधल्या २१ रुग्णालयांनी मिळून २३४ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली आणि ती २००७ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी'त आली. स्टोमा करायचा की नाही हे तिथे सर्जनने ठरवलं नाही. जोड पूर्ण झाल्यावर, ऑपरेशन चालू असतानाच, ते दैवावर सोडलं गेलं. लक्षणं दिसणारं लीक स्टोमा केलेल्या ११६ पैकी १२ जणांत, म्हणजे १०.३ टक्के, आणि न केलेल्या ११८ पैकी ३३ जणांत, म्हणजे २८ टक्के. तातडीने पोट पुन्हा उघडावं लागण्याचं प्रमाणही ८.६ विरुद्ध २५.४ टक्के होतं.

मग आपण पुन्हा का करायचं, असं एका रेसिडेंटने विचारलं. प्रश्न रास्त आहे. मी दोन कारणं सांगितली. आमचे रुग्ण वेगळे आहेत: वयाने बरेचदा लहान, उशिरा आलेले, पोषण कमी पडलेलं, शेक झालेले. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विभागाला पुढे असे प्रश्न घ्यायचे आहेत जिथे यादृच्छिक चाचणी कधी होणारच नाही. त्याआधी आपली जुळणीची पद्धत एका ज्ञात उत्तरावर घासून बघायला हवी. जुळवल्यावरही आमच्या आकड्यांत स्टोमाचा काहीच फायदा दिसला नाही, तर मी आधी आमच्या नोंदींवर संशय घेईन, स्वीडनच्या चाचणीवर नाही.

त्या चाचणीत कुणाला घेतलं हेही आज बारकाईने वाचलं. जोड गुदद्वाराच्या कडेपासून ७ सेंटिमीटरच्या आत हवा, एअर लीक टेस्ट (हवा भरून जोडातून बुडबुडे येतात का ते बघणं) निगेटिव्ह हवी, स्टेपलरमधून निघालेली दोन्ही डोनट, म्हणजे कापलेल्या आतड्याच्या कड्या, अखंड हवीत आणि ऑपरेशनमध्ये काही मोठा घोटाळा झालेला नसावा. ज्याच्या जोडातून बुडबुडे आले त्याला स्टोमाशिवाय ठेवायला कुणी तयार होणार नाही, म्हणून तो चाचणीत आलाच नाही. आमची पात्रतेची यादीही अशीच राहील. निरीक्षणाचा अभ्यास आखताना, हीच चाचणी करता आली असती तर ती कशी केली असती ते आधी लिहून काढायचं, ही हर्नान आणि रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये मांडलेली चौकट इथे चपखल बसते.

१९ जुलै

रेसिडेंट डॉक्टरांचा तास घेतला. आकडे फळ्यापुरते घेतले होते, आमच्या रुग्णांचे नाहीत, आणि हे मी तासात दोनदा सांगितलं.

समजा २०० रुग्ण आहेत. १०० जणांची गाठ खाली, १०० जणांची वर. खालच्या गाठीच्या ८० जणांना सर्जनने स्टोमा केला, २० जणांना नाही. वरच्या गाठीत नेमकं उलट: २० जणांना केला, ८० जणांना नाही. खालच्या गाठीत स्टोमा नसेल तर ३० टक्के लीक, असेल तर १५ टक्के. वरच्या गाठीत दोन्हीकडे ५ टक्के.

आता मोजा. स्टोमा केलेल्या १०० जणांत लीक १२ अधिक १, म्हणजे १३. न केलेल्या १०० जणांत ६ अधिक ४, म्हणजे १०. खालच्या गाठीत स्टोमाने धोका निम्मा केला, वरच्या गाठीत काही बिघडवलं नाही, तरी एकत्र बेरजेत स्टोमाच वाईट ठरला. वर्गात शांतता पसरली. रजिस्ट्रारचा तक्ता सगळ्यांना आठवला असणार.

मग जुळणी केली. खालच्या गाठीचे स्टोमावाले २० घ्या, न केलेले २० घ्या: लीक ३ आणि ६. वरच्या गाठीचे २० आणि २०: लीक १ आणि १. एकूण ४० मध्ये ४ विरुद्ध ४० मध्ये ७. आता स्टोमाचा फायदा दिसतो.

बहुतेक तास इथे संपतात. मी इथे थांबले नाही, कारण पुढचं कमी शिकवलं जातं. २०० पैकी १२० रुग्ण आपण टाकून दिले. कोण होते ते? खालच्या गाठीचे ६० स्टोमावाले आणि वरच्या गाठीचे स्टोमा न केलेले ६०. ज्यांच्यासाठी स्टोमा मुळात करतात त्यातलेच बहुतेक तुलनेतून बाहेर गेले. जुळवलेल्या गटात फायदा दिसतो शंभरात साडेसात जणांना. पण स्टोमा प्रत्यक्ष झालेल्या सगळ्या १०० जणांचा विचार केला, तर स्टोमा नसता तेव्हा २५ जणांना लीक झालं असतं, झालं १३ जणांना. फायदा शंभरात बाराचा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या लोकांविषयीची आहेत. 'जुळवलेल्या गटात असा फरक आढळला' या वाक्यात हा गट कुणाचा, हे लिहिलंच पाहिजे. बऱ्याच प्रबंधांत मला ते सापडत नाही.

खरी अडचण अशी की गाठीची उंची, म्हणजे गुदद्वारापासूनचं तिचं अंतर, ही एकच बाब नसते. वय, लिंग, शेक, अल्ब्युमिन, मधुमेह, एएसए श्रेणी (भूल देण्याआधी ठरवलेली एकूण प्रकृतीची पातळी) असं सगळं एकाच वेळी तंतोतंत जुळवायला गेलं तर जोडीदारच सापडत नाही. रोझेनबॉम आणि रुबिन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की या सगळ्यांवरून प्रत्येक रुग्णाला स्टोमा मिळण्याची शक्यता काढली आणि त्या एका आकड्यावर जुळवलं, तरी हे सगळे घटक सरासरीने दोन्हीकडे सारखे होतात. हाच प्रोपेन्सिटी स्कोअर. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. एका जोडीतले दोघे एकमेकांसारखे असतीलच असं नाही. आणि स्कोअरमध्ये जे घातलं तेवढंच समान होतं.

३० जुलै

रेकॉर्ड रूम. इथले काका नंबर सांगताच गठ्ठा काढून देतात. कोणत्या वर्षाच्या फायली कुठे हलवल्या, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. नैतिक समितीने आम्हाला रुग्णांची ओळख काढून टाकून नोंदी वापरायची परवानगी दिली आहे, म्हणून फाइल उघडल्यावर पहिलं काम कोड नंबर देण्याचं.

गाठीची उंची हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि तोच सगळ्यात विस्कळीत लिहिलेला. एकाच फायलीत बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर बोटाच्या तपासणीने '४ सेंमी', कोलोनोस्कोपीच्या अहवालात '८ सेंमी', एमआरआयमध्ये 'खालचा तृतीयांश'. कोलोनोस्कोप लवचीक असतो, आत जाताना वळतो, त्यामुळे त्याचं माप जास्त भरतं. आम्ही क्रम ठरवला: एमआरआय आधी, तो नसेल तर बोटाची तपासणी किंवा रिजिड स्कोप (न वळणारी सरळ दुर्बीण), कोलोनोस्कोपी सगळ्यात शेवटी. माप कशावरून घेतलं हे वेगळ्या रकान्यात.

एअर लीक टेस्टचंही तसंच. ओटी नोटमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत, 'एएलटी निगेटिव्ह' असं असेल तर प्रश्न नाही. पण कित्येक नोट्समध्ये तिचा उल्लेखच नाही. उल्लेख नाही म्हणजे निगेटिव्ह, असं धरायचं नाही. 'नोंद नाही' हा तिसरा पर्याय ठेवला.

९ ऑगस्ट

आज एक गोष्ट सापडली. ती निसटली असती तर सगळा अभ्यास फसला असता.

रजिस्ट्रारच्या शीटमधला 'स्टोमा: हो/नाही' हा रकाना डिस्चार्ज कार्डावरून भरलेला होता. एका फायलीत डिस्चार्ज कार्ड म्हणतं: इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा. पण ओटी रजिस्टरमध्ये पहिल्या ऑपरेशनच्या ओळीत फक्त लो अँटिरियर रिसेक्शन (गाठ काढून आतडं जोडणं). काही दिवसांनंतरच्या तारखेला तोच रुग्ण पुन्हा रजिस्टरमध्ये: एक्सप्लोरेशन, पोट धुऊन काढलं, लूप इलिओस्टॉमी. म्हणजे पहिल्यांदा स्टोमा नव्हताच. जोड गळला, म्हणून नंतर करावा लागला. डिस्चार्ज कार्डावरून भरलं की हा रुग्ण 'स्टोमा केलेला आणि तरी लीक झालेला' असा मोजला जातो. प्रत्यक्षात तो 'स्टोमा न केलेला आणि लीक झालेला'. असा प्रत्येक रुग्ण दोन्ही बाजूंनी चूक करतो: स्टोमाच्या गटात एक लीक वाढवतो आणि दुसऱ्या गटातलं एक कमी करतो.

ढोबळ तक्त्यात स्टोमा वाईट का दिसला, याचं निम्मं कारण सर्जनची निवड आणि उरलेल्यातलं काही हे असावं, असा माझा अंदाज आहे. कोणतीही जुळणी हा दोष काढू शकत नाही, कारण तो गट ठरवण्यातच आहे.

नियम लिहून ठेवला. गट ठरेल फक्त पहिल्या ऑपरेशनच्या ओटी नोटवरून. टाके घालून टेबलावरून रुग्ण उतरला तेव्हा स्टोमा होता की नव्हता, तेवढंच. पुढे काहीही होवो, गट बदलायचा नाही. सगळ्या फायली ओटी रजिस्टरशी पुन्हा पडताळायच्या. रेसिडेंटनी कुरकुर न करता काम वाटून घेतलं, त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

२१ ऑगस्ट

स्कोअरमध्ये काय घालायचं, यावर सरांसोबत मोठी बैठक झाली.

मी सुरुवातीलाच एक रेघ मारली. निर्णयाच्या आधी जे माहीत होतं ते घ्यायचं, नंतर कळलं ते नाही. सरांना वाटलं, म्हणजे ऑपरेशनच्या आधीचंच. पण इथे निर्णय ऑपरेशनच्या आधी होत नाही. तो जोड झाल्यावर, टेबलावर होतो. त्यामुळे किती रक्त गेलं, किती तास लागले, स्टेपलर किती वेळा फायर करावा लागला, जोड किती सेंटिमीटरवर आला, हे सगळं निर्णयाच्या आधीचं आहे आणि घेता येतं. उलट दुर्बिणीची आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना असती, तर याच गोष्टी घेता आल्या नसत्या, कारण तिथे निर्णय पहिल्या चिरेच्या आधीचा आणि रक्तस्राव त्या निर्णयाचा परिणाम. एकच रकाना एका अभ्यासात हवा आणि दुसऱ्यात नको.

पॅथॉलॉजीचा अहवाल वगळला. गाठ किती खोल गेली होती, किती लसिका ग्रंथींत पसरली होती, हे नंतरच्या तपासणीत कळतं. सर्जनसमोर त्या वेळी होती ती एमआरआयवरची श्रेणी, तीच घ्यायची. प्रकाशित लेखांत पॅथॉलॉजीची श्रेणी सर्रास जुळवलेली दिसते, कारण ती नीटनेटकी छापील मिळते. हे सोयीचं कारण झालं, योग्य कारण नव्हे.

मग सरांनी असं काही सांगितलं जे कोणत्याही यादीत नव्हतं. "रुग्ण लांबच्या गावचा असेल तर मी स्टोमा करतो. घरी गेल्यावर जोड गळला तर तो वेळेत पोहोचणार नाही." शेजारी बसलेल्या सहयोगी प्राध्यापक मॅडम म्हणाल्या, "मी उलट विचार करते. तालुक्याला पिशवी मिळत नाही, स्टोमातून पाणी जास्त जायला लागलं की किडनीवर येतं, आणि सलाइनसाठी धावपळ होते." दोघांचंही खरं आहे. गावाचं अंतर जोड गळण्याचं कारण नाही, फक्त निर्णयावर परिणाम करतं. असा घटक स्कोअरमध्ये घातला तर नेमकेपणा घटतो आणि पदरात काही पडत नाही. पण लांबच्या रुग्णाचं लीक दुसऱ्याच रुग्णालयात उपचार घेऊन संपलं आणि आमच्या फायलीत आलंच नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा अंतर मोजणीशी जोडलेलं आहे. ठरवलं: अंतर मुख्य स्कोअरमध्ये नाही. पण एक वेगळं विश्लेषण फक्त अशा रुग्णांचं, जे ९० दिवसांपर्यंत आमच्याच ओपीडीत आलेले दिसतात.

'पिशवी नको' म्हणून नातेवाइकांनी नकार दिल्याचीही नोंद काही फायलींत आहे. ती जपून ठेवायची. धोक्याशी फारसा संबंध नसलेल्या कारणाने ज्यांचा स्टोमा टळला, ते रुग्ण पुढे फार उपयोगी पडतील.

५ सप्टेंबर

ज्यांच्याबद्दल निर्णय ठरलेलाच होता ते बाहेर. एअर लीक टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांना स्टोमा केलेला आहे, त्यांना जोडीदार कुठून मिळणार? डोनट अपुरं निघालेलेही बाहेर. ज्यांच्यात जोड केलाच नाही, हार्टमन ऑपरेशन करून कायमची कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) ठेवली, ते मुळातच या प्रश्नाचे नाहीत.

सर्जनबद्दलही हेच. एक सर्जन खालच्या गाठीत कधीच स्टोमा सोडत नाहीत. त्यांच्या रुग्णाची जोडी दुसऱ्याच सर्जनच्या रुग्णाशी लागणार, आणि मग स्टोमाच्या फरकात दोन हातांच्या कौशल्याचा फरक मिसळणार. शक्य तिथे सर्जन आणि शेक या दोन बाबी तंतोतंत जुळवायच्या आणि उरलेलं स्कोअरवर सोडायचं, असं ठरलं. जोड्या कमी होतील. चालेल.

१८ सप्टेंबर

लीक म्हणजे नेमकं काय, हा वाद संपवला. आंतरराष्ट्रीय गटाने २०१० मध्ये केलेल्या श्रेणी वापरायच्या: 'ए' म्हणजे उपचारात काही बदल करावा लागला नाही, 'बी' म्हणजे अँटिबायोटिक किंवा ड्रेन लागला पण पोट पुन्हा उघडावं लागलं नाही, 'सी' म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

स्टोमावाल्यांचा स्टोमा बंद करायच्या आधी खालून औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यात एखादी बारीक गळती दिसते, जिचा रुग्णाला पत्ताही नसतो. स्टोमा न केलेल्याचा असा एक्स-रे कुणी काढत नाही. 'ए' श्रेणी मोजली की स्टोमाच्या गटात लीक वाढणारच, कारण तिथे ते शोधलं जातं. म्हणून मुख्य निकाल 'बी' आणि 'सी' श्रेणी किंवा मृत्यू, ९० दिवसांपर्यंत.

आणि स्टोमाची स्वतःची किंमतही मोजायची. पाणी कमी होऊन पुन्हा भरती, बंद करण्याच्या ऑपरेशनमधली गुंतागुंत, आणि तात्पुरता म्हणून केलेला पण कधी बंदच न झालेला स्टोमा. एका वर्षानंतर रुग्ण पिशवीशिवाय आहे का, हा दुय्यम निकाल ठेवायचा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो.

निकालाचे रकाने शीटमधून काढून वेगळ्या फायलीत ठेवले. ती रजिस्ट्रारकडे राहील. जुळणी पूर्ण होईपर्यंत मी ती बघणार नाही. निकाल डोळ्यांसमोर असताना दहा तऱ्हांनी जुळणी करून त्यातली आवडलेली निवडणं फार सोपं असतं, आणि वाचणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

१४ ऑक्टोबर

गहाळ आकड्यांचं काम संपवलं. अल्ब्युमिन बऱ्याच जणांचं नाही. नसलेल्यांना सरळ वगळलं तर उरतात ते जास्त आजारी रुग्ण, कारण अल्ब्युमिन त्यांचंच आवर्जून करतात. बहुविध आरोपण केलं, म्हणजे गहाळ आकड्यांच्या जागी संभाव्य आकडे भरून डेटाचे अनेक संच बनवले. प्रत्येक संचात स्कोअर वेगळा काढायचा, जुळणीही वेगळी, आणि अंदाज शेवटी एकत्र करायचे. आरोपणाच्या मॉडेलमध्ये निकालाचा रकानाही लागतो, म्हणून ती पायरी माझ्या कोडने पण रजिस्ट्रारच्या संगणकावर चालवली.

२९ ऑक्टोबर

पहिली जुळणी. एकास एक, स्कोअरने सर्वांत जवळचा जोडीदार, एकदा घेतलेला परत न वापरता. कॅलिपर म्हणजे दोघांच्या स्कोअरमधलं चालण्याजोगं अंतर. ते लॉजिटच्या (स्कोअरचं लॉगरिदमवर आधारित रूप) प्रमाण विचलनाच्या ०.२ पट ठेवलं, पीटर ऑस्टिन यांच्या २०११ च्या शिफारशीप्रमाणे.

रजिस्ट्रारनी जुळणीनंतरच्या तक्त्यात पी-व्हॅल्यूचा (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता मोजणारा आकडा) रकाना केला होता, तो काढायला सांगितला. जुळणीनंतर रुग्णसंख्या घटते, आणि संख्या घटली की पी-व्हॅल्यू आपोआप मोठी होते. समतोल न साधताही तक्ता छान दिसतो. त्याऐवजी प्रमाणित सरासरी फरक, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतलं अंतर प्रमाण विचलनाच्या पटीत, बघायचा, ०.१ च्या आत हवा. बहुतेक रकाने आत आले. जोडाची उंची आली नाही. सगळ्यात महत्त्वाचीच.

आलेख काढल्यावर कारण कळलं. स्कोअर आणि उंची यांचं नातं सरळ रेषेचं धरलं होतं. प्रत्यक्षात ५ सेंटिमीटरच्या खाली जवळपास सगळ्यांना स्टोमा, १० च्या वर जवळपास कुणालाच नाही, आणि खरी निवड मधल्या पट्ट्यात. उंचीसाठी वक्र वापरला, उंची आणि शेक यांचा एकत्रित परिणाम घातला. मग समतोल बसला. निकाल न बघता मॉडेल कितीही वेळा सुधारता येतं, हा निकाल वेगळा ठेवण्याचा खरा लाभ.

त्याच आलेखातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आमच्या जुळवलेल्या जोड्या जवळजवळ सगळ्या मधल्या पट्ट्यातल्या आहेत. अगदी खालच्या जोडाबद्दल हा अभ्यास काही सांगू शकणार नाही. सरांना थोडं वाईट वाटलं, त्यांना तोच प्रश्न जास्त छळतो. पण मधल्या पट्ट्यातच सर्जन दोन्ही बाजूंनी विचार करतात, आणि तिथेच आमच्या उत्तराचा उपयोग होईल.

१९ नोव्हेंबर

किंग आणि नील्सन यांचा २०१९ चा लेख विभागात चर्चेला घेतला. त्यांचं म्हणणं, प्रोपेन्सिटी स्कोअरवर जुळवू नका, कारण एका टप्प्यापुढे रुग्ण छाटत गेलं तर असमतोल उलट वाढू शकतो. मला त्यांचा मुद्दा पटतो, पण त्यावरून ही पद्धतच सोडायची गरज वाटत नाही. प्रत्येक पायरीवर समतोल मोजत राहिलं आणि महत्त्वाच्या बाबी तंतोतंत जुळवल्या की तो धोका बराच आटोक्यात येतो. तरी पडताळणी म्हणून ओव्हरलॅप वजनांची पद्धतही योजनेत घातली. तिच्यात कुणालाच टाकून देत नाहीत. ज्यांच्याबाबत निर्णय कोणत्याही बाजूला जाऊ शकला असता त्यांना जास्त वजन मिळतं, आणि ज्यांचा निर्णय जवळपास ठरलेलाच होता त्यांना कमी.

१२ डिसेंबर

जे कागदावर नाही त्याचं काय, यावर आजचा पूर्ण दिवस गेला.

सर म्हणाले, "जोड केल्यावर मी आतड्याला हात लावतो. ताण आहे की नाही, कडा गुलाबी आहे की फिकी, हे बोटांना आणि डोळ्यांना कळतं. ते मी लिहीत नाही." हाच आमचा न मोजलेला घटक. त्याची दिशा मात्र माहीत आहे. ताण जाणवला तर स्टोमा होतो, आणि ताण असलेला जोड गळतोही जास्त. म्हणजे जुळणीनंतर उरलेला दोष स्टोमाला वाईट दाखवणारा असेल. फायदा दिसला तर खरा फायदा त्याहून मोठा असण्याची शक्यता जास्त. फायदा दिसला नाही, तर तो नाहीच असं म्हणता येणार नाही.

व्हँडरवील आणि डिंग यांची २०१७ ची ई-व्हॅल्यूही योजनेत आहे. उदाहरणार्थ, स्टोमाने धोका निम्मा झालेला दिसला तर ई-व्हॅल्यू ३.४१ येते. म्हणजे तो फरक पूर्ण खोटा ठरवायला एखाद्या न नोंदवलेल्या घटकाचा स्टोमाशी आणि लीकशी, दोन्हींशी, किमान ३.४१ पटींचा संबंध लागेल, आणि तोही ताणाच्या उलट दिशेचा. आकडा उपयोगी आहे, पण मी सरांच्या बोटांवर जास्त विसंबून आहे.

६ जानेवारी २०२५

विश्लेषणाची योजना लिहून पूर्ण झाली, सगळ्यांच्या सह्या झाल्या. पात्रता, गट ठरवण्याचा नियम, स्कोअरमधल्या बाबी, मुख्य आणि दुय्यम निकाल, दोन पडताळण्या, आणि कोणत्या रुग्णांबद्दल आम्ही बोलणार नाही. यापुढे बदल झाला तर तारीख आणि कारण लिहून.

सरांनी ओटीसाठी एका पानाचा फॉर्म करायला सांगितला होता, तो छापून आला. जोड झाल्यावर आणि स्टोमाचा निर्णय घेण्याआधी भरायचा: जोडाची उंची सेंटिमीटरमध्ये, एअर लीक टेस्ट, डोनट, ताण, कडेचा रंग. खाली एक मोकळी ओळ: स्टोमा केला किंवा केला नाही, कारण काय. पहिला फॉर्म आज दुपारी भरून आला. उंची ६ सेंमी, टेस्ट निगेटिव्ह, दोन्ही डोनट अखंड, ताण नाही, कडा गुलाबी. स्टोमा केला. कारण: शेक झालेला आहे.